ओस्गुडच्या नवव्या भागाबद्दल गावाचं मत

१२ जानेवारी, मंगळवार

रक्तदाब एकशे बावन्न. डॉक्टरने रोज सकाळी मोजून लिहून ठेवायला सांगितलंय. पान एवढं मोठं आणि आकडा एवढासा, मला ते बघवत नाही. म्हणून खाली काहीबाही खरडतो.

काल दिवसभर बर्फ पडला. काउंटीची बर्फ हटवणारी गाडी सकाळी गेली. नवीन ड्रायव्हर कोपऱ्यावर पातं उचलतच नाही, सगळा ढीग माझ्या फाटकासमोर लोटून जातो. इतकी वर्षं ती गाडी मी चालवली, कुणाच्या फाटकात मूठभर बर्फ टाकला नाही. खिडकीतून त्याला हात केला. त्याला वाटलं मी नमस्कार करतोय. त्यानेही केला.

दुपारी लायब्ररीतल्या थिआचा फोन. कुणीतरी 'लेफ्टनंट ओस्गुड' या जुन्या मालिकेच्या सगळ्या डिस्क लायब्ररीला दिल्यात. हिवाळ्यात मंगळवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं, तर दर मंगळवारी एक भाग दाखवायचा, नंतर कॉफी आणि चर्चा. हे सगळं मी सांभाळावं, असं तिचं म्हणणं.

"मीच का?" म्हटलं.

"तुमच्या मिसेस सांगायच्या, ओस्गुड लागला की घराला आग लागली तरी मिस्टर राउतिओ जाहिरातीपर्यंत उठत नाहीत."

एल्सीला जाऊन तीन वर्षं झाली, पण ती अजून लोकांना माझ्याबद्दल काही ना काही सांगतेच आहे. हो म्हणालो.

१९ जानेवारी, मंगळवार

दाब एकशे अठ्ठेचाळीस.

पहिला भाग झाला. प्रेक्षक चार, त्यात थिआ आणि मी धरून.

एक एल्मर ट्रेगोनिंग, निवृत्त दातांचा डॉक्टर. गावातल्या निम्म्या दाढा यानेच उपटल्यात, आणि अजून त्याला दुसऱ्याच्या तोंडात बोट घालायची सवय आहे. भाग संपल्या संपल्या म्हणाला, "गोष्ट बाहत्तर सालची आणि रस्त्यावर उभी गाडी चौऱ्याहत्तरची. हे कसं?" खून कुणी केला, का केला, त्याचं त्याला काही नाही.

दुसरी बर्नडेट पाकें. जन्मभर शाळेची बस चालवली. माझ्याच वर्गात होती. तेव्हाही तोंड बंद नसायचं. मला बघून म्हणाली, "अरे वेंडेल, जिवंत आहेस होय तू! मला वाटलं तुझ्या दारातला बर्फ तुझं भूत काढतं."

म्हटलं, "भुताला पाठदुखी नसते."

"नाही ना? मग लवकर हो भूत."

ओस्गुड अजून तसाच. जाडजूड, मुष्टियुद्धात नाक मोडलेला, गाडी चालवता न येणारा पोलीस. खुनाच्या जागी बसने येतो, खिशातून नासपती काढून खातो, आणि श्रीमंत खुनी त्याला हसतात. तासाभराने हसत नाहीत. बर्नडेटचं मत पडलं की बसने फिरणारा माणूस कधीच मूर्ख नसतो, कारण बसमध्ये लोकांचं बोलणं ऐकू येतं. "मला विचारा," म्हणाली, "आरशात बघत बघत मी अख्ख्या गावाच्या भानगडी सोडवल्यात."

२४ जानेवारी, रविवार

दाब एकशे सहासष्ट. कारण कळत नाही.

दुपारी फोन वाजला तेव्हा मी तळघरात होतो. म्हणजे वाजल्यावर गेलो. रविवारी या वेळेला टॅमीच करते. माझी मुलगी. पुष्कळ वेळ वाजला.

काल रात्रीचं सूप खारट झालं होतं, दाब त्यामुळेच असणार.

२ फेब्रुवारी, मंगळवार

आता नऊ जण येतात. थिआ खूश. एल्मरने आज टोपी पकडली: दारातून आत येताना ओस्गुडच्या डोक्यावर आहे, खोलीत आल्यावर नाही, बाहेर पडताना परत आहे. टाळी वाजवून सांगितलं त्याने. मी म्हटलं, "एल्मर, तो टोपी काढून ठेवतो रे. माणसं काढतात." मग दाब वाढणार नाही तर काय.

बर्नडेटने निसू आणला होता. वेलदोड्याचा गोड पाव, आमच्या फिनिश घरांत असतो तो. फ्रेंच घरातल्या बाईने निसू करावा, आणि तोही असा! वरून कॉफीचा हात फिरवलेला, त्यावर जाडसर साखर. तीन तुकडे खाल्ले.

"हे कॉफीचं कुणी शिकवलं तुला? एल्सीने तर ते कुणालाच सांगितलं नव्हतं, फक्त..."

"फक्त काय?"

"फक्त घरात."

"मग भिंतींना कान असतील," बर्नडेट म्हणाली आणि उरलेला अर्धा पाव कागदात गुंडाळून माझ्या कोटाच्या खिशात कोंबला.

भली बाई आहे. बोलते फार.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

थिआने आज कॉम्प्युटरवर एक जागा दाखवली. जगभरातली ओस्गुडची माणसं तिथे एकेका भागावर आपलं मत लिहितात आणि दहापैकी गुण देतात. मला वाटलं होतं, ही मालिका आठवणारे आम्ही चार म्हातारे. तिथे ब्राझीलचा एक माणूस आहे, त्याने ओस्गुडच्या सगळ्या बसमार्गांचा नकाशा काढलाय!

सगळ्यात कमी गुण नवव्या भागाला. 'शेवटची फेरी'. मतं अशी: "ओस्गुड यात करतो काय? बाकावर बसतो आणि फळ खातो." "शोध लावायला काही उरतच नाही, एक बाई सगळं सांगून टाकते." "धुकं बघायचं असेल तर बघा."

हा नेमका मी न पाहिलेला भाग. पहिल्यांदा लागला त्या दिवशी वादळ होतं, मी रस्त्यावर पातं ओढत होतो. एल्सीने पाहिला होता. सकाळी विचारलं, "कुणी मारलं?" तर म्हणाली, "बघशील तेव्हा बघ. सांगून कळणारा नाही तो." नंतर कधी लागला तर मी कामावर, नाहीतर झोपलेला. राहूनच गेला.

मधल्या दोन भागांची डिस्क खराब निघाली, म्हणून पुढच्या मंगळवारी आमचा क्रम तोच येतो.

१ मार्च, मंगळवार

दाब संध्याकाळी परत मोजला. एकशे एक्क्याऐंशी. एल्मर लायब्ररीच्या कॉफीत दुप्पट पूड घालतो.

भागाची गोष्ट लिहून ठेवतो, कारण डोक्यातून जात नाहीये. एक सरोवर आहे, आमच्यासारखंच. क्ले आणि नोरा, भाऊबहीण, दोघं मिळून एक छोटी फेरीबोट चालवतात. क्ले मनाने चांगला, पण डोकं फिरलं की फिरलं. बोट विकत घ्यायला आलेल्या एका माणसाशी त्याचं भांडण होतं, क्ले त्याला ढकलतो, तो पाण्यात पडून मरतो. पुरावा काही नाही. ओस्गुड रोज बसने येतो, धक्क्यावरच्या बाकावर नोराच्या शेजारी बसतो. तिला काही विचारत नाही. हवापाण्याचं बोलतो, नासपती अर्धी करून तिला देतो. मधे एकदा क्ले दुसऱ्या एकाच्या अंगावर हात उगारतो, नोरा ते बघते. आणि मग ती स्वतःच ओस्गुडला फोन करून सांगते, क्लेचा भिजलेला कोट कुठे लपवलाय ते.

शेवटी क्लेला नेतात. तो वळून तिच्याकडे बघतो. ती धक्क्यावर एकटी उभी. ओस्गुड म्हणतो, "मी तुम्हाला घरी सोडलं असतं, पण मला गाडी येत नाही." आणि दोघं बसच्या थांब्याकडे चालत जातात. संपलं.

दिवे लागले. मग एल्मर म्हणाला, "कोट उजव्या बाजूने फाटलेला होता आणि नंतर डाव्या..."

"खड्ड्यात गेला कोट!" मी ओरडलो. "ती बहीण आहे की वैरीण? सख्ख्या भावाला धरून दिला! घरातली गोष्ट घरात मिटवता येत नाही?"

थिआ हातातले कप तसेच धरून उभी. बर्नडेट शांतपणे म्हणाली, "वेंडेल, आपण कुणाबद्दल बोलतोय?"

"नोराबद्दल! ही काय पडद्यावर होती ती!"

"बरं," ती म्हणाली. "नोराबद्दल तर नोराबद्दल. तिने काय करायला हवं होतं?"

"समजवायचं त्याला! वाट बघायची! मोठं माणूस घरी आहे, त्याच्यावर सोपवायचं!"

"कुठलं मोठं माणूस? त्या गोष्टीत तर दोघंच आहेत."

मी खुर्च्या आवरायला घेतल्या. आज तिने निसू दिला नाही. मीही मागितला नाही.

३ मार्च, गुरुवार

त्या थँक्सगिव्हिंगचं इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही माझी आहे आणि वाचणारा फक्त डॉक्टर, तोही आकडे बघतो.

एल्सी गेल्यावर आमचा मुलगा कर्टिस प्यायला लागला. आधीही प्यायचा, पण आईला लाजायचा. दोनदा पोलिसांनी गाडी चालवताना धरलं होतं. त्या दिवशी जेवण झालं, टर्की टॅमीने केली होती, सगळं छान चाललं होतं. मग काहीतरी शब्दाला शब्द लागला आणि कर्टिस उठून ट्रकमध्ये बसला. उभं राहता येत नव्हतं त्याला. टॅमी दारात आडवी झाली, तिला बाजूला सारून गेला. आणि टॅमीने माझ्या स्वयंपाकघरातून, माझ्या भिंतीवरच्या फोनवरून शेरीफला फोन केला. स्वतःच्या भावाचा गाडीनंबर सांगितला.

मी जाणारच होतो त्याच्यामागे. बूट घालत होतो.

शाळेच्या पुलाच्या अलीकडे ट्रक खड्ड्यात सापडला. त्याला काही झालं नव्हतं, कुणालाच काही झालं नव्हतं. तिसरी वेळ म्हणून वर्षभर तुरुंग. नोकरी गेली, लायसन्स गेलं. मी भेटायला जायचो, काचेच्या दोन्ही बाजूंनी आम्ही हवापाण्याचं बोलायचो. आता सुटलाय, दक्षिणेला ग्रीन बेमध्ये फर्निचरच्या कारखान्यात आहे. घरी मात्र आलेला नाही. कुठल्या तोंडाने येईल? अख्ख्या गावाला माहिती.

टॅमीशी मी त्या दिवसापासून बोललो नाही. बूट घालत होतो मी. दोन मिनिटं थांबली असती तर.

माझे ते बूट दोऱ्यांचे आहेत, वेळ लागतो.

८ मार्च, मंगळवार

थिआच्या मदतीने त्या कॉम्प्युटरवरच्या जागी माझं मत टाकलं. मी सांगितलं, तिने टाइप केलं: "नववा भाग. बहिणीने भावाला दगा दिला. असल्या बाईला ओस्गुडने घरापर्यंत सोबत करायला नको होती. दहापैकी दोन. ते दोन धुक्याचे."

थिआने विचारलं, "नक्की पाठवू?"

"पाठव."

"हे पुसता येत नाही नंतर, मिस्टर राउतिओ."

"मला काही पुसायचं नाही."

घरी येताना बर्नडेट थांबली, गाडीची काच खाली करून म्हणाली, "त्या पुलावरून मी जन्मभर बसभर पोरं नेली, वेंडेल. कठड्यापाशी रस्ता किती अरुंद आहे ते तुला माहिती आहे. तू तर तिथला बर्फ काढायचास."

मी म्हटलं, "त्या दिवशी शाळेला सुट्टी होती."

"हो," म्हणाली. "सुट्टी होती. रस्त्याला नव्हती." आणि गेली.

चर्चा ओस्गुडची चालली होती, त्यात पूल कुठून आला?

१५ मार्च, मंगळवार

माझ्या मतावर सात जणांनी उत्तर दिलं. टेक्सासचा एक माणूस: "शाबास आजोबा, बरोबर बोललात!" ब्राझीलवाल्याने लिहिलं, त्या थांब्यावर संध्याकाळी बस येतच नसे. दोघांनी मला मूर्ख म्हटलं. थिआ एकेक वाचून दाखवत होती, मजा चालली होती.

सातवं कॅनडातल्या सस्कॅचवानहून, एका बाईचं. थिआ वाचायला लागली आणि मधेच थांबली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"मीही एका भावाची बहीण होते. फोन माझ्या हातात होता. मला वाटलं, घरातली गोष्ट आहे, आणि मी तो खाली ठेवला. हा भाग मी दर वर्षी त्याच्या वाढदिवसाला बघते. दहापैकी दहा."

बाहेर छपरावरून वितळणारं पाणी गळत होतं. मी म्हटलं, "थिआ, उत्तर लिही. 'मॅडम,'"

तिने लिहिलं. वाट बघत राहिली.

"मॅडम," मी म्हटलं, "आपला... नाही, ते पूस."

खूप वेळ बसलो. शेवटी हे गेलं: "मॅडम, त्या भागात सरोवरावरचं धुकं फार चांगलं घेतलंय. आमच्याकडेही तसंच असतं. वेंडेल राउतिओ."

बावळट उत्तर. पण थिआ म्हणाली, ठीक आहे, त्यांना कळेल. काय कळेल ते बोलली नाही.

१७ मार्च, गुरुवार

दाब मोजला नाही.

उत्तर आलंय. थिआने मुद्दाम घरी फोन करून वाचून दाखवलं: "वेंडेल, धुक्याबद्दल तुमच्याशी सहमत. माझ्या भावाचं नाव ग्रँट होतं."

१० एप्रिल, रविवार

फोन वाजला. मी तळघरात गेलो नाही. फोनच्या शेजारी उभा राहिलो. वाजून वाजून थांबला.

बसलो. पुन्हा वाजला तर उचलायचा, असं ठरवलं होतं. दोनदा कधी करत नाही ती.

२० मे, शुक्रवार

कर्टिस आला! आधी कळवलं नाही काही, बसने आला. पेट्रोल पंपासमोर बस थांबते तिथून पाठीवर पिशवी टाकून चालत. मी पायरीला रंग देत होतो, वर बघतो तर हा फाटकात. बारीक झालाय, दाढी ठेवलीय, हात सुताराचे झालेत.

"बसने?" मी विचारलं.

"लायसन्स नाहीये ना, डॅड."

"ओस्गुडसारखा."

"कोण ओस्गुड? तो तुझा मोडक्या नाकाचा पोलीस? अजून बघतोस तू?" आणि हसला. किती दिवसांनी बघितलं त्याला हसताना.

सॉना, आमची अंगणातली वाफेची खोली, तापवला. दोघं बसलो, दगडांवर पाणी मारलं. त्याने सांगितलं, तो पीत नाही आता. मी म्हटलं, छान. वाफेमुळे फार बोलता येत नाही, तेच बरं असतं.

नंतर कॉफीबरोबर मंगळवारचा उरलेला निसू काढला. एक घास खाऊन म्हणाला, "टॅमी आली होती?"

"नाही. हा बर्नडेट पाकेंचा."

माझ्याकडे त्याने बघितलं, एल्सी बघायची तसं, मी उलटा स्वेटर घातला की. "बरं," म्हणाला.

पोराच्या जिभेची चव गेलीय. दारूने जाते म्हणतात.

२२ मे, रविवार

लायब्ररीतून नववा भाग घरी आणला होता. दुपारी कर्टिसला म्हटलं, एक दाखवतो, तुझं मत सांग. मनात होतं की निदान एक माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल, आणि तो बोलला तर बाकीच्यांची तोंडं बंद.

पूर्ण बघितला त्याने, एकदाही उठला नाही. क्ले वळून नोराकडे बघतो तिथे थांबव म्हणाला. मी थांबवलं.

"हा तिच्यावर रागावलेला नाहीये, डॅड."

"मग काय? धरून दिलं तिने!"

"बघ ना नीट. घाबरलाय. पण रागावलेला नाही." टीव्हीकडे बघतच बोलत राहिला. "मला पुलाचा कठडा दिसला होता. एवढंच आठवतंय मला. मागून शेरीफच्या गाडीचे दिवे लागले, मी दचकून स्टिअरिंग फिरवलं आणि खड्ड्यात गेलो. दिवे लागले नसते तर सरळच जात होतो मी. कठड्यावर."

मग म्हटलं, "मी येत होतो तुझ्यामागे. बूट..."

"माहितीय मला."

"तिच्याशी मी बोलत नाही. तुझ्यासाठी. दोन हिवाळे झाले."

"माझ्यासाठी?" तो माझ्याकडे वळला. "मी कधी सांगितलं तुला? डॅड, मी दर रविवारी टॅमीशी बोलतो. तुरुंगातसुद्धा दर आठवड्याला ती यायची, तू शनिवारी यायचास म्हणून बुधवारी. घरी का नाही आलो इतके दिवस? आलो असतो तर तुझ्या बाजूने आलो असं झालं असतं. मला तुझी बाजूच नकोय. मला दोघं हवेत."

टीव्हीवर तो क्ले तसाच थांबलेला, मान वळवून. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत होतो. कर्टिसचं बरोबर आहे. त्या चेहऱ्यावर राग नाहीये.

२४ मे, मंगळवार

कर्टिस काल परत गेला. पायरीचं लाकूडच बदलून गेला, माझा रंग फुकट.

चर्चा संपल्यावर बर्नडेटला एकटं गाठलं. "तुझ्याकडे ओव्हन आहे?"

"बिघडलाय," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"चार वर्षं होतील." तोंडावरची रेघ हलली नाही तिच्या. मग म्हणाली, "मंगळवारी सकाळी टॅमी कामावर जाताना निसू माझ्या दारात ठेवते. मी म्हणाले तिला, सांगते त्याला. ती म्हणाली, सांगितलंत तर खाणार नाही."

"खाल्ला असता," मी म्हटलं.

"वेंडेल."

"नसता खाल्ला," मी म्हटलं.

२९ मे, रविवार

मी फोन केला. तिने करायच्या आधी, जेवणं उरकल्यावर लगेच. तिच्या घरचा नंबर मला पाठ होता, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

"हॅलो?" टॅमी म्हणाली.

काय बोलायचं ते काल कागदावर लिहिलं होतं, चांगलं लिहिलं होतं, चष्मा मात्र दुसऱ्या खोलीत. म्हणून जे तोंडात आलं ते बोललो: "वेंडेल राउतिओ बोलतोय. लायब्ररीत दर मंगळवारी ओस्गुड दाखवतो आम्ही."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. मग, "माहितीय मला, डॅड."

"सात तारखेला नववा भाग परत लावतोय. लोकांनी मागणी केलीय." (केली नव्हती.) "सगळ्यांची मतं घेतो आम्ही. तुझं घ्यायचं राहिलंय."

मला वाटलं फोन ठेवला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"किती वाजता?"

"दोनला. कॉफी असते. एल्मर करतो, कडू असते."

"बघते. रजा मिळाली तर," म्हणाली.

एक्स-रे विभागात आहे ती. मंगळवारी गर्दी असते म्हणे तिथे.

७ जून, मंगळवार

दोनला पाच कमी होते, ती नव्हती. दोन वाजले, नव्हती. थिआ म्हणाली थांबू या का, मी म्हटलं नको. दिवे घालवले, भाग सुरू केला. बोट पहिल्यांदा धक्क्याला लागते तिथे मागचं दार उघडलं. मी वळून बघितलं नाही. पण पावलं ओळखू येतात.

तीन वर्षांची असल्यापासून टाच घासत चालते.

पूर्ण भाग मला काही दिसला नाही. धुकं दिसलं.

दिवे लागल्यावर वळलो. शेवटच्या रांगेत, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत. केसांत पांढरं आलंय. दोन वर्षांत एवढं? की आधीपासून होतं? सगळ्यांना ती कोण ते माहिती होतं, छोटं गाव आहे. एल्मरने तोंड उघडलं, बर्नडेटने त्याच्या पायावर पाय दिला, त्याने ते मिटलं.

"नवीन प्रेक्षक आहेत," मी म्हटलं. आवाज भलताच मोठा निघाला. "त्यांचं मत काय?"

टॅमी उठली नाही. हातातल्या कागदी कपाकडे बघत म्हणाली, "चांगला आहे. ओस्गुड काही करत नाही म्हणतात, पण मला तो आवडला. शेजारी बसतो, तेवढं पुष्कळ झालं." थांबली. "मला एकच कळलं नाही. ती दोघं भाऊबहीण इतक्या संकटात आहेत, तर त्यांचा बाप कुठे आहे? अख्ख्या भागात तो कुठेच नाही."

"बाप मेलेला आहे," एल्मर म्हणाला, त्याला राहवेनाच. "दुसऱ्या प्रसंगात भिंतीवर फोटो आहे, त्याला काळी..."

"नाही," मी म्हटलं. "मेलेला नाही तो, एल्मर. घरी असणार. बूट घालत."

कुणी हसलं नाही. टॅमीने वर बघितलं.

थिआला अचानक कॉफीचे कप धुवायचे आठवले. बर्नडेटने एल्मरला कोपराला धरून बाहेर नेलं, तो फोटोबद्दल बोलतच होता. बाकीचेही निघाले. मी खुर्च्या आवरायला घेतल्या, ते माझं नेहमीचं काम. पुढच्या दोन रांगा घडी घालून भिंतीला लावल्या. मधली रांग लावली. मग शेवटच्या रांगेशी आलो. टॅमीच्या शेजारची खुर्ची उचलायला वाकलो, आणि कसं ते कळलं नाही, त्याच खुर्चीवर बसलो.

दोघं समोर बघत बसलो. पडदा कोरा होता.

"तू केलंस ते," मी म्हटलं आणि पुढचं येईना. "टॅमी, त्याला कठडा दिसला होता. तू थांबली नाहीस हे बरं केलंस. माझे बूट झालेच नसते."

तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हातांना दवाखान्याच्या साबणाचा वास. तिने डोळे पुसले, मग मी पुसले, मग ती म्हणाली, "नेहमी इतका वेळ बोलत बसता तुम्ही लोक?"

"कधी कधी जास्त."

"पुढच्या मंगळवारी काय आहे?"

"टॅक्सीवाला मरतो."

"डॅड! सांगून टाकलंस? आता मी बघू कशाला?"

"कुणी मारलं ते कुठे सांगितलं?" मी म्हटलं. "एक हिंट देतो. ज्याच्यावर पहिल्यापासून संशय येतो ना, तो नाही."

"तो कधीच नसतो," टॅमी म्हणाली, आणि तिचा कप माझ्या हातात देऊन उरलेल्या खुर्च्या आवरायला उठली.